दोन्ही हातांनी पियानो: एकेक हात चालतो, एकत्र घेतले की अडतं

अर्धमात्रा

मोठेपणी पियानो शिकायला घेतला आहे. नोटेशन सावकाश का होईना वाचता येतं, बोटांचे क्रमांक (अंगठा १, करंगळी ५) अंगवळणी पडलेत. उजवा हात एकटा छान चालतो. डावाही एकटा चालतो. दोन्ही एकत्र घेतले की मात्र तारांबळ उडते.

नेमकं कुठे अडतं ते सांगते, म्हणजे जाणकारांना उत्तर देणं सोपं जाईल. बेथोवेनच्या नवव्या सिंफनीच्या शेवटच्या भागातली प्रसिद्ध धून घेतली आहे, कारण ती जवळजवळ पूर्ण पाच सुरांत बसते आणि बहुतेक सगळे सूर शेजारच्या सुरावरच जातात. पांढरी एकचा, म्हणजे सी चा, सा धरला तर उजव्या हातात असं येतं:

ग ग म प | प म ग रे | सा सा रे ग | ग ऽरे रे ऽ

डाव्या हातात चार मात्रांच्या प्रत्येक बारला एकच लांब सूर आहे: सा | प | सा | प. करंगळी सा वर, अंगठा प वर. हात जागचा हलवायचासुद्धा नाही.

पहिला बार नीट जातो. दुसऱ्या बारच्या पहिल्या मात्रेला डाव्या हाताचा सूर बदलतो आणि त्याच क्षणी उजवा हात थांबतो. थांबतो म्हणजे चुकीची पट्टी दाबत नाही, तो चक्क गोठतो. पुन्हा सुरुवातीपासून घेतलं तरी पहिले पाढे पंचावन्न.

एकेक हात वेगळा किती पक्का करायचा आणि एकत्र कधी घ्यायचे? वेगळ्या हातांचा रियाज वाढवला तर हे आपोआप सुटेल का? आणि वयाचा यात किती भाग आहे? तिन्ही प्रश्न मनापासून विचारते आहे, कारण हे वाद्य मला यायलाच हवं आहे.

पेटीकर

वाचनखूण साठवली. माझंही हेच दुखणं आहे, फक्त कारण वेगळं. वर्षानुवर्षं पेटी वाजवल्यामुळे उजव्या हाताला पट्ट्यांची पूर्ण ओळख आहे आणि डाव्या हाताला फक्त भात्याची. डावा हात पट्ट्यांवर ठेवला की तो सारखा मागेपुढे हलायला बघतो. जाणकारांच्या प्रतिसादांची वाट बघतोय.

तिसरीकाळी

अर्धमात्रा, तुम्ही प्रश्न इतका नेमका मांडला आहे की निम्मं काम झालं. मी लहान-मोठ्या सगळ्यांना शिकवते, त्या अनुभवावरून लिहिते.

‘दोन हात स्वतंत्र झाले पाहिजेत’ असं सगळीकडे सांगितलं जातं. नवख्या माणसासाठी हे उद्दिष्टच मला चुकीचं वाटतं. निदान सुरुवातीला तरी एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टींवर लक्ष ठेवून कोणी वाजवत नाही. वाजवणारा एकच गोष्ट वाजवत असतो, ती दोन हातांत वाटलेली असते. म्हणून हात तोडण्याच्या मागे लागू नका. ते कुठे भेटतात ते शोधा आणि त्या भेटीच्या जागांचा रियाज करा.

तुमच्याच धुनेवर दाखवते. पहिला बार मोठ्याने म्हणा: ‘दोन्ही, उजवा, उजवा, उजवा’. दुसरा बारही तोच आणि तिसराही तोच. चौथा: ‘दोन्ही, ऽउजवा, उजवा, ऽ’. हे तोंडाने म्हणत दोन्ही तळहातांनी टेबलावर थापट्या द्या. पट्ट्या नाहीत, सूर नाहीत, फक्त कोण केव्हा. हे विनासायास जमल्यावरच पियानोवर बसा.

आता तुमची अडण्याची जागा. पहिल्या बारचा शेवटचा सूर प, उजव्या करंगळीचा. दुसऱ्या बारचा पहिला सूर पुन्हा तोच प, त्याच करंगळीने, पण आता डावा अंगठाही खाली येतो आणि त्याच वेळी डावी करंगळी वर उठते. म्हणजे एका क्षणात तीन हालचाली आहेत: उजवी करंगळी पुन्हा दाबायची, डावा अंगठा दाबायचा, डावी करंगळी सोडायची. यातली सोडण्याची हालचाल कुणाच्या लक्षात येत नाही, कारण एकट्या डाव्या हातात ती फुकट होऊन जाते. माझ्या बघण्यात उजवा हात तिथेच गोठतो.

उपाय अगदी छोटा आहे. फक्त ते दोन सूर घ्या. डावी करंगळी सा वर दाबलेली, उजव्या करंगळीने प. थांबा. पुढे काय होणार ते मनात पूर्ण ठरवा. मग एकदम: उजवा प, डावा प, डावी करंगळी वर. पुन्हा तेच. धून वाजवायचीच नाही. हा सांधा गुळगुळीत झाला की दुसरा सांधा घ्या, दुसऱ्या बारचा शेवटचा रे आणि तिसऱ्याचा सा. तिथे उजवा अंगठा आणि डावी करंगळी एकत्र खाली येतात. तिसरा सांधा ग वरून ग वर, डावा अंगठा सोबत. चार बारच्या या धुनेत सगळी अडचण या तीन सांध्यांत साठलेली आहे, उरलेले सूर तुम्हाला येतातच.

आणि एक सवय आत्तापासून लावून घ्या. कुठलाही बार वेगळा काढून घोटताना पुढच्या बारचा पहिला सूर त्याला जोडून घोटा. बाररेषेवर थांबून रियाज केला तर बोटं त्या रेषेवर थांबायलाच शिकतात.

निरभ्र

तिसरीकाळी यांच्या प्रतिसादाला जोडून, हात असे का वागतात त्याबद्दल थोडं. वाचता वाचता करून बघण्यासारखा प्रयोग आहे.

दोन्ही तर्जन्या टेबलावर समोर धरा आणि मोटारीच्या वायपरसारख्या एकाच दिशेला हलवा: दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे. आता वेग वाढवत न्या. एका वेगाला बोटं आपोआप दिशा बदलतात आणि आरशातल्यासारखी हलू लागतात, दोन्ही आत, दोन्ही बाहेर. उलट करून बघा. आरशासारखी सुरुवात केली तर वेग कितीही वाढवा, ती समांतर होत नाहीत. हाकेन, केल्सो आणि बुंझ या तिघांनी १९८५ साली याचं गणिती प्रारूप मांडलं. शरीराला आरशासारखी हालचाल जात्याच सोपी आहे, आणि समांतर हालचाल फक्त कमी वेगातच टिकते.

पियानोवर याचा अर्थ काय? सा रे ग म प दोन्ही हातांनी एकत्र वाजवा. उजवा हात १ २ ३ ४ ५ असा जातो, डावा ५ ४ ३ २ १ असा. सूर तेच, बोटं वेगळी. आता दोन्ही अंगठे मधल्या सा जवळ ठेवा आणि हात एकमेकांपासून दूर न्या. दोन्हीकडे १ २ ३ ४ ५. सूर वेगळे, बोटं तीच. नवख्याला दुसरा प्रकार बहुतेक वेळा लगेच जमतो.

म्हणून सुरुवात आरशासारख्या व्यायामाने करावी आणि समांतर हालचाल अगदी संथ ठेवावी. घाईत समांतर हालचाल मोडते ती या ओढीमुळे. त्यात तुमच्या कुवतीचा संबंध नाही.

खर्ज

वरच्या दोघांचा आदर ठेवून थोडं वेगळं मत मांडतो.

दोन्ही हात लवकर जोडण्याची घाई करू नये असं मला ठामपणे वाटतं. विशेषतः डावा हात. बहुतेक जण धून उजव्या हातात असल्यामुळे सगळं प्रेम उजव्यावर करतात आणि डाव्याला नुसता साथीला धरतात. मग एकत्र घेतल्यावर डावा हात पुढचा सूर शोधत बसतो आणि उजव्याला त्याची वाट बघावी लागते. मी नवीन काहीही घेतलं की आधी डावा हात पाठ करतो, नोटेशन बंद करून. डावा वाजवताना तोंडाने उजव्या हाताची धून गातो. गाता गाता डावा न अडखळता चालला की मगच उजवा हात पट्ट्यांवर येतो.

गाण्याची ही पायरी कोणी वगळू नये. गळा उजव्या हाताची जागा घेतो, आणि बोटांवर दुसरा भार न पडता दोन ओळी एकत्र ऐकायची सवय होते.

तिसरीकाळी

खर्ज, गाण्याच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. डाव्याकडे दुर्लक्ष होतं हेही खरं. मतभेद फक्त ‘आधी पक्कं करा’ यातल्या पक्क्यावर आहे.

वेगळ्या हातात बोटांचा क्रम पक्का व्हायलाच हवा. कुठल्या सुराला कुठलं बोट हे एकदा ठरलं की रोज बदलता कामा नये, पेन्सिलीने लिहून ठेवा. पण वेग वेगळ्या हातात पक्का करू नये. एकटा उजवा हात द्रुत लयीत बसवला की तो त्या गतीच्या हालचाली शिकतो: कमी उचल, पुढच्या बोटाची आधीच तयारी, मनगटाचा झोका. एकत्र घेताना लय खूप उतरवावी लागते आणि त्या उतरलेल्या लयीत हाताला यातलं काहीच ओळखीचं वाटत नाही. शिकणारा मग म्हणतो, ‘वेगळं वाजवताना तर येत होतं!’ येत होतं ती वेगळी गोष्ट होती.

माझा क्रम असा: बोटं ठरेपर्यंत वेगळे हात, मग लगेच दोन मात्रा एकत्र. दोन बार नाही, दोन मात्रा. लय इतकी संथ की पुढचा सूर दाबण्याआधी तो कुठे आहे हे दिसेल. त्यानंतरही वेगळ्या हातांकडे पुन्हा पुन्हा परतायचं असतंच. एकत्र घेतल्यावर कुठला हात कच्चा आहे ते कळतं आणि मग त्या हाताचा रियाज नेमका होतो.

एका जागी मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे. डाव्या हातात एकच आकृती सतत चालणार असेल, समजा सा प ग प, सा प ग प, तर ती आधी एकट्याने इतकी घोटावी की लक्ष न देता चालली पाहिजे. याला अल्बर्टी बेस म्हणतात, अठराव्या शतकातल्या दोमेनिको अल्बर्टीच्या नावावरून. मोझार्टच्या १७८८ मधल्या सी मेजर सोनाटाची, त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक ५४५, सुरुवातच डाव्या हाताच्या या आकृतीवर आहे. बोटं ५ १ ३ १. इथे मनगटाने किंचित डावी-उजवीकडे डोलू द्यावं, नुसत्या बोटांनी ओढलं तर कोपरापर्यंत हात भरून येतो.

अर्धमात्रा

इतके सविस्तर प्रतिसाद मिळतील असं वाटलं नव्हतं, सर्वांचे आभार. वायपरचा प्रयोग करून बघितला, बोटं खरंच स्वतःहून उलटतात!

सांध्यांचा रियाजही सुरू केला. पहिला सांधा सुटला. ‘करंगळी वर’ हे मनात म्हटल्याने फरक पडतो. तिसऱ्या सांध्याला अजून उजवा हात किंचित उशिरा येतो.

आणखी एक विचारते. सी मेजरचं पूर्ण सप्तक दोन्ही हातांनी समांतर घेताना सगळं कोसळतं. पाच सुरांपर्यंत ठीक, मग अंगठा आत घ्यायचा असतो तिथे दोन्ही हात एकमेकांना ओढतात.

कोमल निषाद

याचं उत्तर बोटांच्या क्रमात लपलेलं आहे. खाली मांडून दाखवतो.

सूर: सा रे ग म प ध नी सा
उजवा: १ २ ३ १ २ ३ ४ ५
डावा: ५ ४ ३ २ १ ३ २ १

उजवा अंगठा म वर आत जातो. डाव्या हातात त्या वेळी काहीच घडत नाही, तो अजून प पर्यंत सरळ चालला आहे. मग प नंतर डाव्या हाताचं मधलं बोट अंगठ्यावरून ओलांडून ध वर येतं, तेव्हा उजवा हात सरळ चालला आहे. म्हणजे दोन वळणं दोन वेगळ्या क्षणी आहेत. एक हात वळला की दुसऱ्यालाही वळावंसं वाटतं, म्हणून तुम्हाला ओढ जाणवते.

आता तक्ता पुन्हा बघा आणि ३ कुठे कुठे एकाखाली एक येतात ते शोधा. ग वर आणि ध वर. दोन्ही हातांचं मधलं बोट या दोन सुरांवर एकत्र पडतं. चढताना आणि उतरताना, दोन्हीकडे. तिसरीकाळी म्हणतात त्या भेटीच्या जागा इथे आयत्या मिळाल्या आहेत. सप्तक वाजवताना फक्त एवढंच डोक्यात ठेवा: ग ला दोन्ही तीन, ध ला दोन्ही तीन. अंगठ्यांचा विचार सोडून द्या. जी, डी, ए आणि ई मेजरमध्येही बोटांचा क्रम हाच असल्याने ही खूण तिथेही चालते.

सी मेजर सगळ्यात सोपी असा समज आहे, तो वाचण्यापुरता खरा. हाताला ती अवघड आहे, कारण सगळ्या पट्ट्या एका पातळीवर असल्याने बोटांना आधार काहीच नाही. शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना सुरुवात बी मेजरने करून द्यायचा, सी मेजर मागाहून. बी मेजरमध्ये पाचही काळ्या पट्ट्या येतात आणि पांढऱ्या फक्त दोन, पांढरी तीन आणि पांढरी सात. लांब बोटं काळ्यांवर, आखूड अंगठा पांढऱ्यांवर. दोन-तीन सप्तकं सलग वाजवली तर सुरुवातीचा सूर सोडून दोन्ही अंगठे बरोबर एकाच वेळी पडतात. डाव्याची सुरुवात चौथ्या बोटाने करा: ४ ३ २ १ ४ ३ २ १. उजवा १ २ ३ १ २ ३ ४ १. नोटेशन नका बघू, बोटांनी काळ्या पट्ट्या चाचपत जा. एकदा करून बघाच, हात कसा बसतो ते कळेल.

डावखुरा

मी डावखुरा आहे. धून कायम उजव्याला आणि साथ डाव्याला, याचा आमच्यासारख्यांना तोटा होतो का? शिवाय डाव्या हाताने वाजवता येईल असं काही असतं का?

खर्ज

तोटा नाही, उलट ज्या हाताकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं तो तुमचा आधीच तयार आहे. एकट्या डाव्या हातासाठी मोठं संगीत लिहिलं गेलं आहे. पॉल विट्गेन्श्टाइन या पियानोवादकाचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. त्याच्यासाठी राव्हेलने १९२९-३० मध्ये एकट्या डाव्या हाताचा कॉन्चेर्तो लिहिला. ऐकताना एकच हात वाजतोय यावर विश्वास बसत नाही. नवख्याने वाजवायची गोष्ट नव्हे, पण डावा हात काय करू शकतो हे समजण्यासाठी जरूर ऐका.

पेटीकर

कोमल निषाद, तीन-तीनची खूण लाखमोलाची आहे.

माझ्या एका शंकेचं निरसन करा. दोन्ही हात जुळले तरी डाव्याचा आवाज धुनेला झाकून टाकतो. पेटीत आवाज भात्यावर, त्यामुळे बोटाने आवाज कमी-जास्त करायचा प्रश्नच आला नाही कधी.

तिसरीकाळी

पेटीवरून येणाऱ्या प्रत्येकाला हे भेटतं. पियानोत पट्टी दाबली की आतला हातोडा तारेवर जाऊन आदळतो आणि लगेच मागे येतो. आवाज किती मोठा हे पट्टी किती वेगाने खाली गेली यावर ठरतं. एकदा सूर निघाला की नंतर कितीही जोर लावा, तो वाढत नाही, विरतच जातो. म्हणून डाव्याला हळू दाबायचं म्हणजे कमी वेगाने दाबायचं, अर्धवट दाबायचं नव्हे.

व्यायाम सांगते. उजवा हात नेहमीसारखा वाजवा. डावा हात पट्ट्यांना फक्त स्पर्श करू दे, आवाज अजिबात नको, पण सूर बदलला की बोट बदललंच पाहिजे. हे जमलं की डाव्याला एवढंच दाबू द्या की सूर जेमतेम ऐकू येईल. मग उलट करा, डावा वाजता आणि उजवा मुका. हा व्यायाम हात जुळवण्यासाठीही उत्तम आहे, त्यामुळे अर्धमात्रा यांनी तिसऱ्या सांध्यासाठी हाच वापरावा.

बैठकीकडेही बघा. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर हवं. खुर्ची खाली असली की मनगट लटकतं, डाव्या अंगठ्याचं वजन पट्टीवर पडतं आणि तोच सूर ठणाणा वाजतो. आणि खांदे. दोन्ही हात एकत्र घेताना शिकणारे श्वास धरून खांदे वर चढवतात. प्रत्येक बारच्या सुरुवातीला श्वास सोडायची सवय लावा. मनगटात किंवा हाताच्या पुढच्या भागात दुखलं तर त्या दिवसापुरतं थांबायचं. दुखत असताना रेटून कोणाचाही हात सुधारत नाही.

निरभ्र

धागाकर्तीचा वयाचा प्रश्न मागे राहिला. मेंदूच्या दोन्ही बाजूंना जोडणारा एक जाड पट्टा असतो, कॉर्पस कलोसम. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या श्लाउग आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात, वयाच्या सातव्या वर्षाआधी वाद्य सुरू केलेल्या वादकांमध्ये याचा पुढचा भाग मोठा दिसला होता. हे वाचून मोठेपणी शिकणारे उगाच खचतात. त्या निष्कर्षावरून मोठ्यांना दोन हात जमत नाहीत असं मुळीच ठरत नाही. मोठ्यांना लय मोजता येते, तक्ता वाचून ‘इथे तीन-तीन’ हे क्षणात समजतं, अडलेली जागा शब्दांत सांगता येते. या धाग्याची पहिली पोस्टच त्याचा पुरावा आहे.

अर्धमात्रा

निरभ्र, मनापासून आभार. खूप धीर आला.

मुका डावा हात करून बघितला, तिसरा सांधा बराच सुटला आहे. यानंतर काय वाजवायला घ्यावं? आणि ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरेल का?

कोमल निषाद

पूर्ण पियानोत ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. सुरुवातीच्या रचनांना ६१ भरपूर झाल्या. पट्ट्यांच्या संख्येपेक्षा त्यांना वजन आहे का हे महत्त्वाचं, नाहीतर वर सांगितलेला हळू-जोरातचा फरक बोटांना कळणारच नाही.

रचनांबद्दल: बार्टोकने ‘मिक्रोकॉस्मोस’ नावाचा १५३ रचनांचा सहा खंडांचा संच लिहिला. पहिल्या सहा रचनांत दोन्ही हात एकच धून वेगवेगळ्या सप्तकांत वाजवतात. मग हळूच एक हात लांब सूर धरतो, दुसरा चालतो, मग एकामागून एक येतात. दोन हातांचा हा प्रश्न इतक्या पायऱ्या पाडून सोडवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. ऐकायला काही रचना रुक्ष वाटतात, पण चिकाटीने करा.

पुढे बाखची पत्नी आना माग्दालेना हिच्या १७२५ च्या वहीतला जी मेजर मिन्युएट घ्या. तो बराच काळ बाखचा समजला जायचा, प्रत्यक्षात क्रिस्टियान पेट्झोल्डचा आहे. त्यात डावा हात साथ सोडून स्वतःची धून चालवतो, आणि तरीही प्रत्येक बारमध्ये भेटीच्या जागा स्पष्ट आहेत. त्या पेन्सिलीने उभ्या रेघा मारून दाखवा, नोटेशनमध्ये एकाखाली एक असलेले सूर एकत्र वाजतात एवढा नियम पुरे.

खर्ज

यात बाखच्या सी मेजर प्रील्यूडची भर घालतो, ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’च्या पहिल्या भागातला, १७२२. प्रत्येक आकृतीत डावा हात दोन सूर वाजवून धरून ठेवतो, मग उजवा सहा सूर वाजवतो. जवळजवळ पूर्ण रचनेत हात एकामागून एक येतात, त्यामुळे जोडण्याचा ताण नाही, पण कानाला मात्र दोन्ही हात मिळून एकच धागा ऐकू येतो. दोन हातांतून एक गोष्ट वाजते हे तिसरीकाळी यांचं म्हणणं मला तरी तिथेच नीट पटलं.

आणि लांबचं ध्येय म्हणून बाखच्या दोन आवाजांच्या १५ इन्व्हेन्शन्स. १७२३ च्या प्रतीच्या प्रस्तावनेत बाखने हेतू लिहूनच ठेवला आहे: शिकणाऱ्याला दोन आवाज स्वच्छ वाजवता यावेत. डावा हात तिथे उजव्याच्या पूर्ण बरोबरीचा आहे.

ठेका

मी तबला वाजवतो, पियानो नुकताच सुरू केला आहे. एका हातात तीन आणि दुसऱ्यात दोन असं जिथे येतं, तिथे बरेच जण अडतात. धाग्यावर ते अजून आलेलं नाही म्हणून लिहितो. तबल्यावर धा वाजवताना दोन्ही हात एकत्र पडतात आणि तरी आपण एकच बोल म्हणतो, त्याच अंगाने जायचं.

सहा बारीक मात्रा धरा. उजव्याचे तीन आघात १, ३, ५ वर. डाव्याचे दोन १ आणि ४ वर. एकत्र केलं की असा बोल तयार होतो:

धा ऽ ति ट धा ऽ

पहिला धा दोन्ही हातांचा. ति उजवा, ट डावा, शेवटचा धा एकटा उजवा. (तबल्याचा नियम इथे शेवटच्या धा ला लागू करू नका, हा फक्त म्हणायचा बोल आहे.) मांडीवर वाजवा, तोंडाने म्हणत रहा. तीन वेगळे मोजू नका, दोन वेगळे मोजू नका.

अर्धमात्रा

हे मांडीवर लगेच जमलं! पट्ट्यांवर घेताना कुठले सूर घेऊ? आणि डाव्याला तीन आले तर?

ठेका

सूर तेच पाच. उजव्यात सा रे ग, डाव्यात सा प, आणि आवर्तन न तोडता फिरवत रहा. पट्ट्यांवर आल्यावर बोल म्हणणं लगेच सोडू नका, बोटं चुकली तरी बोल चालू ठेवा आणि पुढच्या धा ला हात पकडा.

डाव्याला तीन आले तर बोल तोच राहतो, हात तेवढे बदलतात: धा दोन्ही, ति डावा, ट उजवा, धा डावा. हे आधी पुन्हा मांडीवर करा, कारण पहिली बाजू जमली म्हणून दुसरी आपोआप येत नाही.